घर सासूच्या नावावर आहे, मग मी जायचं कुठे?

«ताई, नमस्कार. मी घणसोलीत राहते, वय 36. ऐरोलीतल्या एका कंपनीत बॅक ऑफिसला आहे, पगार हातात 28 हजार. हातात म्हणजे खात्यात, कारण एटीएम कार्ड लग्नापासून यांच्याकडेच असतं. मला पाससाठी आणि रिक्षासाठी मोजून पैसे मिळतात. मुलगी पाचवीत, मुलगा पहिलीत. मारहाण नवीन नाही, पण गणपतीनंतर माझा हात मोडला. डॉक्टरांना बाथरूममध्ये घसरले असं सांगितलं. घर सिडकोचं, सासूबाईंच्या नावावर आहे. हे म्हणतात, ‘एकदा उंबरठा ओलांडलास की या घराशी तुझा संबंध संपला.’ माझ्या नावावर तीन लाखांचं पर्सनल लोन काढून यांनी गाडी घेतली. 6,800 चा हप्ता माझ्या पगारातून जातो. हे स्वतः खासगी कंपनीत सुपरवायझर आहेत. भाऊ कळव्याला, त्याचं वन रूम किचन. तो म्हणतो, मुलं मोठी होईपर्यंत काढ. मी बाहेर पडले तर घरावरचा हक्क जाईल का? एवढ्या पगारात दोन मुलं घेऊन राहता येईल का? आणि एकट्या बाईला खोली कोण देतं? मुलांचे जन्मदाखले, माझी कागदपत्रं सगळी त्यांच्या कपाटात आहेत. – एक वाचक, घणसोली»

नमस्कार. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्या उंबरठ्याच्या धाकापायीच तुम्ही इतकी वर्षं तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाताय. बाहेर पडल्यानं त्या घरात राहण्याचा तुमचा हक्क जात नाही.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणारा 2005 चा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. त्याचं कलम 17 सांगतं की, संसार ज्या घरात झाला त्या घरात राहण्याचा बाईला हक्क आहे, मग घराच्या कागदावर तिचं नाव असो वा नसो. आधी एका निकालामुळे गोची झाली होती. घर सासू-सासऱ्यांचं असेल तर सुनेचा हक्क नाही, असं कोर्टात सर्रास सांगितलं जायचं. 15 ऑक्टोबर 2020 रोजी सतीश चंदर आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी तो अर्थ चुकीचा ठरवला. घर नवऱ्याच्या आईचं किंवा वडिलांचं असलं, तरी सून तिथे संसार म्हणून राहत असेल तर ते तिचंही राहतं घर. मालकी तुमची होत नाही, हे नीट लक्षात ठेवा. राहण्याचा हक्क मात्र तुमचा आहे आणि कोर्टाच्या आदेशाशिवाय तुम्हाला कोणी बाहेर काढू शकत नाही. जीव वाचवायला तुम्ही आज रात्री कळव्याला गेलात, तरी उद्या याच हक्कासाठी अर्ज करता येतो.

आता हाताबद्दल. ते वाक्य तुम्ही मधेच लिहून पुढे गेलात, मला तसं पुढे जाता येत नाही. हाड मोडणं ही कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापत आहे आणि पोलिसांनी ती नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून मिटवायची नसते. ज्या दवाखान्यात प्लास्टर घातलं तिथला केसपेपर आणि एक्स-रे जपून ठेवा. पुन्हा तपासायला जाल तेव्हा डॉक्टरांना खरं सांगा आणि ते कागदावर लिहायला लावा. घसरले असं आधी का सांगितलं, हेही सांगा. नवरा दाराबाहेर उभा होता म्हणून बाया असंच सांगतात, हे डॉक्टरांना माहीत असतं. कोर्टालाही. फोटो काढा, पण स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवू नका. ऑफिसातल्या विश्वासू मैत्रिणीला पाठवा आणि आपल्या फोनमधून पुसून टाका. पुढचा वार हातावर थांबेल असं मी गृहीत धरत नाही. गळ्यावर हात गेला, मुलांना धमकी आली, चाकू निघाला, तर त्या रात्री हक्क-बिक्क काही बघायचं नाही, मुलांना घेऊन निघायचं आणि 112 फिरवायचा. महिलांची मदतवाहिनी 181 आहे. सखी वन स्टॉप सेंटरमध्ये साधारण पाच दिवस राहायची सोय, पोलीस, वकील आणि समुपदेशक एकाच ठिकाणी मिळतात. पुढे जास्त दिवसांसाठी शक्ती सदन हे सरकारी निवारागृह आहे, पण जाण्याआधी एक नक्की विचारा: रोज नोकरीला बाहेर जाऊ देतात का आणि मुलगा सोबत चालेल का. नोकरी तुमचा पाया आहे. निवाऱ्यापायी ती सुटता कामा नये.

पत्रात तुम्ही घराचा प्रश्न विचारलाय, पण त्याच्या मुळाशी पगार आहे. दर महिन्याला 28 हजार कमावणारी बाई रिक्षाच्या पैशांसाठी हात पसरते, हीसुद्धा हिंसाच. कायद्यात तिला आर्थिक छळ म्हटलंय, कलम 3 मध्ये स्पष्ट. ती थांबवायला कोर्टाची वाट बघायची गरज नाही, पण क्रम चुकवू नका.

बहुतेक बाया थेट बँकेत जातात आणि तिथेच अडकतात. नवीन खातं उघडायला आधार लागतं, आधारचा ओटीपी जातो नवऱ्याच्या मोबाइलवर, कारण आधार काढलं तेव्हा नंबर त्याचाच दिला होता. स्क्रीनवर ‘ओटीपी टाका’ आलेलं असतं आणि घरी त्याचा फोन वाजलेला असतो. संध्याकाळी मग काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून पहिलं काम आधार केंद्रात. मोबाइल नंबर बदलायला फक्त तुमचं बोट लागतं, कागद लागत नाही. पोस्टाच्या बँकेकडूनही हे काम होतं. त्याआधी स्वतःच्या नावावर एक साधं सिमकार्ड घ्या आणि ते ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये राहू द्या. नंबर बदलल्यावर दुसऱ्या बँकेत खातं काढा, सध्याच्या बँकेच्या दुसऱ्या शाखेत नको. ओळखीचा एखादा कर्मचारी असतो आणि बातमी फुटते. पासबुक, चेकबुक, कार्ड घरच्या पत्त्यावर येणार नाही याची खात्री करा. पीएफच्या यूएएनला, म्हणजे पीएफच्या खाते क्रमांकाला, कोणता मोबाइल नंबर जोडलाय, तेही बघा.

मग एचआर. सगळं सांगायची गरज नाही. पगाराचं खातं बदलायचंय एवढा अर्ज पुरतो. पण एचआरमध्ये समंजस बाई असेल तर थोडं सांगितलेलं चांगलं, कारण पुढे तो ऑफिसच्या गेटवर येऊन तमाशा करू शकतो. आणि पगार नव्या खात्यात ज्या दिवशी पडेल, त्या दिवशी त्याला कळणार. त्या दिवशी तुम्ही आणि मुलं त्या घरात असू नये, असं मला मनापासून वाटतं. पगाराची तारीख आणि घर सोडायची तारीख एकच ठेवा.

लोनचं दुखणं वेगळं. बँकेला गाडी कोणी फिरवली याच्याशी देणंघेणं नाही, सही तुमची म्हणून हप्ता तुमचा. रागाच्या भरात हप्ता बंद करू नका. सिबिल बिघडलं तर पुढे घरासाठी कर्ज मागताना तुम्हालाच नडेल. नव्या खात्यातून हप्ता चालू ठेवा, जमत नसेल तर मुदत वाढवून हप्ता कमी करून मागा. आणि कोर्टातल्या अर्जात हे कर्ज ठळक लिहा: माझ्या नावावर काढलं, गाडी त्याच्या ताब्यात. कलम 20 खाली आर्थिक नुकसानीची भरपाई मागता येते. शिवाय वर्षातून एकदा क्रेडिट रिपोर्ट फुकट मिळतो. तो काढून बघाच. तुम्हाला माहीत नसलेलं दुसरं कर्जही त्यात निघू शकतं.

आता कोर्ट. तुम्ही कळव्याला भावाकडे चार दिवसांसाठी गेलात तरी अर्ज ठाण्यात करता येतो, कारण तात्पुरतं जिथे राहता तिथल्या मॅजिस्ट्रेटकडेही तो चालतो. घणसोलीतच राहिलात तर नवी मुंबईच्या कोर्टात. वकिलाच्या फीची काळजी सोडा. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं बाईला मोफत वकील मिळतो आणि त्याला तिच्या पगाराची अट नाही, त्यामुळे 28 हजार कमावता म्हणून तुम्हाला कोणी परत पाठवू शकत नाही. ठाण्यात कोर्ट नाक्यावरच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, फोन करायचा तर 15100. 2005 च्या कायद्याखाली सरकारनं नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांकडेही जा, ते घटनेचा अहवाल तयार करून कोर्टात देतात. तो अहवाल नाही म्हणून अर्ज अडत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये स्पष्ट केलंय.

अर्जात काय मागायचं, याबद्दल माझं ठाम मत आहे. मारहाण थांबवण्याचा आदेश मागाच. सासूबाईंनी घर विकू नये, कोणाला देऊन टाकू नये असाही मनाई आदेश मागा, नाहीतर तुमचा अर्ज लागायच्या आधी घर तिसऱ्याच्या नावावर झालेलं असतं. पण त्याच छपराखाली परत राहायला जाण्याचा हट्ट तुमच्या बाबतीत धरू नये, असं मला वाटतं. कोर्ट नवऱ्याला घराबाहेर राहायला सांगू शकतं. मात्र घरातल्या बाईला बाहेर काढण्याचा आदेश या कायद्यात देता येत नाही. म्हणजे सासूबाई तिथेच राहणार आणि आईला भेटायला म्हणून मुलगा रोज संध्याकाळी दारात. कागदावर संरक्षण आणि दाराच्या कडीला तुमचं लक्ष, अशी झोप कोणाला लागते? त्यापेक्षा कलम 19 मध्येच दुसरी वाट दिलीय: होतं त्याच दर्जाचं पर्यायी घर नवऱ्यानं द्यावं किंवा त्याचं भाडं भरावं. तुम्ही हे मागा. भाड्यासाठी वेगळी रक्कम, मुलांच्या शिक्षणाची वेगळी, तुमच्या औषधपाण्याची वेगळी. सरसकट एक आकडा मागितला की घासाघीस होऊन निम्म्यावर येतो.

सासूबाईंना पुढे करून ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली तुम्हाला बाहेर काढायचा डाव टाकला जाईल, त्याचीही तयारी ठेवा. डिसेंबर 2020 मध्ये एस. वनिता यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, तो कायदा वापरून सुनेचा राहण्याचा हक्क परस्पर उडवता येत नाही, दोन्ही बाजू तोलूनच निर्णय द्यायचा.

‘तू कमावतेस, तुला कसली पोटगी’ हे वाक्य तुम्हाला पोलिसांच्या महिला कक्षापासून कोर्टापर्यंत ऐकायला मिळेल. ऐकून घ्या आणि मागणी सोडू नका. बाई कमावते एवढ्यावर पोटगी नाकारता येत नाही आणि मुलांचा खर्च तर बापाची जबाबदारी आहेच. नोव्हेंबर 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर दोघांनाही उत्पन्न, कर्जं, मालमत्ता यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. म्हणून विचार करण्यात घालवलेला महिना फुकट जातो. त्याची पगाराची स्लिप कुठे दिसली तर फोटो काढून ठेवा. तो नोकरदार आहे, हे इथे तुमच्या फायद्याचं आहे. त्याने पैसे दिले नाहीत तर त्याच्या कंपनीलाच पगारातून कापून तुम्हाला द्यायला कोर्ट सांगू शकतं.

कायदा म्हणतो पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल 60 दिवसांत देण्याचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात. त्यामुळे कलम 23 खाली तातडीचा अंतरिम आदेश मागायला वकिलाला पहिल्याच दिवशी सांगा आणि पहिले तीन महिने कोर्टाकडून एक पैसाही येणार नाही असं धरून हिशेब मांडा.

तो हिशेब मी मांडून बघितला. 28 हजारांतून हप्ता गेला की 21,200 उरतात. भाडं आठ हजारांच्या आत बसवलंत तर 13 हजारांत तिघांचं खाणं, वीज, गॅस, पास, शाळेची व्हॅन. ओढाताण होईल, पण चालेल. मुलांचा खर्च सुरू झाला की श्वास घेता येईल. सरकारी योजनांवर हे गणित टेकवू नका. लाडकी बहीणच्या 1,500 रुपयांना कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत लागतं आणि तुमचा एकटीचाच पगार त्यावर जातो. संजय गांधी निराधार योजनेची मर्यादा तर त्याहून फार खाली आहे. मुलांसाठी बालसंगोपन योजनेची चौकशी मात्र जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात नक्की करा. एका पालकाच्या आधारानं राहणाऱ्या मुलांना त्यातून प्रत्येकी महिन्याला 2,250 रुपये मिळतात.

खरी अडचण एकरकमी पैशांची आहे. डिपॉझिट, पहिलं भाडं, एजंटचं एक भाडं, गादी, शेगडी, बादली. यासाठी बाया बांगड्या विकतात. विकू नका. अगदीच वेळ आली तर बँकेत गहाण ठेवा. दागिने त्याच्या लॉकरमध्ये असतील तर ते तुमचं स्त्रीधन आहे, नवऱ्याचा त्यावर ताबा नाही, 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे पुन्हा सांगितलंय. लग्नाच्या अल्बममधून कोणता दागिना कोणी घातला याची यादी करा आणि परत मागा. तुमच्या भावाला माझा निरोप द्या: त्याच्या एका खोलीत तिघांना ठेवणं जमत नसेल तर राहू दे, पण डिपॉझिटचे पैसे बहिणीला उसने द्यावेत. ‘काढ’ म्हणण्यापेक्षा बहिणीला त्याची जास्त गरज आहे.

एकट्या बाईला खोली कोण देतं, हा प्रश्न मला फार लागला, कारण त्यात खोटं काही नाही. एजंट आधी ‘मिस्टर काय करतात’ विचारतो. उत्तर ठरवून ठेवा: ‘मी नोकरी करते, भाडं मी भरणार, ही माझी पगाराची स्लिप.’ बस, एवढंच. घटस्फोटाची गोष्ट तिथे सांगायची नाही. सोसायटीचा चेअरमन आडवा आला तर मालकाला सांगा की, उपविधीप्रमाणे भाडेकरू ठेवताना सोसायटीला कळवायचं असतं, परवानगी घ्यायची नसते. घणसोली गाव, तळवली, गोठिवली इथल्या गावठाणात खोल्या सेक्टरपेक्षा स्वस्त मिळतात आणि विचारपूसही कमी होते. पण तिथे इमारत अधिकृत आहे का ते बघा. दिघ्यातल्या 99 बेकायदा इमारतींवर कोर्टाचा आदेश आला तेव्हा भाडेकरूंचीही झोप उडाली होती. मालक कितीही गोड बोलला तरी नोंदणीकृत भाडेकरारच करा. महाराष्ट्रात करार लेखी आणि नोंदवलेला असणं ही मालकाचीच जबाबदारी आहे आणि तुमच्या दृष्टीनं तो कागद म्हणजे गॅस, शाळा, बँक सगळीकडे चालणारा नवा पत्ता. शक्य असेल तर सध्याच्या घरापासून चार स्टेशनं लांब बघा. कळवा, विटावा इथूनही ऐरोली जवळच आहे आणि भाऊ हाकेच्या अंतरावर राहील.

दुसरी वाट सखी निवासची, म्हणजे नोकरदार महिलांच्या सरकारी वसतिगृहांची. आईसोबत मुलीला 18 वर्षांपर्यंत आणि मुलाला 12 वर्षांपर्यंत राहता येतं, त्यामुळे तुमची दोन्ही मुलं बसतात. जागा मिळणं सोपं नाही, पण नाव नोंदवायला काय हरकत? ऑफिसात तुमच्यासारखीच आणखी कोणी असेल तर दोघींनी मिळून वन बीएचके घेण्याचाही विचार करा. मुलांकडे बघायला आळीपाळीनं कोणीतरी घरी असतं आणि संध्याकाळी दार उघडताना भीती कमी वाटते.

महिला कक्षात दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवायचा प्रयत्न होईल. जायला हरकत नाही. पण ‘पोटगी सोडली’, ‘राहत्या घरावर हक्क सांगणार नाही’, ‘कर्ज माझं मी फेडीन’ असलं काही लिहिलेल्या कागदावर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करायची नाही. कोऱ्या स्टॅम्पपेपरवर तर नाहीच नाही. त्या खोलीत सगळे घाईत असतात, तुम्ही नका होऊ. ‘घरी नेऊन वाचते’ म्हणायचा तुम्हाला अधिकार आहे.

ता. क. कपाट फोडायला जाऊ नका, त्यात मार बसतो. मुलांच्या जन्मदाखल्याची प्रत ज्या महानगरपालिकेत जन्म नोंदवला तिथून पुन्हा मिळते. आधार तुमच्या नव्या नंबरवर डाउनलोड होतं, पॅन पुन्हा छापून मागवता येतं. लग्नाची पत्रिका आणि चार फोटो भावाकडे असतीलच. शाळेतून दोघांचं बोनाफाईड घ्या, शाळा मात्र हे वर्ष बदलू नका. मुलं सोबत नेलीत तर ‘पळवून नेली’ अशी तक्रार करायची धमकी येईल, म्हणून त्याच अर्जात मुलांचा तात्पुरता ताबाही मागा, आणि मुलांना तुमच्याशिवाय कोणाच्या हाती देऊ नये असं पत्र मुख्याध्यापकांना देऊन त्याची पोच घ्या.